डावा पाय

इंद्रदेवने बुटाच्या टोकाने लक्ष्मणचा डावा पाय पुढे सरकवला.

“हा इथे. गुडघा वाकव. किती वेळा सांगायचं तुला?”

कार्तिए मिलितेर गावच्या क्लबात रविवारची दुपार होती आणि पूल खेळायच्या टेबलाभोवती चाळीसएक माणसं जमली होती. सगळ्यांनी तो बूट पाहिला. लक्ष्मण शेहेचाळीस वर्षांचा, इंद्रदेव जेमतेम पस्तिशीचा. पण इंद्रदेव सरकारी खात्यात साहेब, ‘मिस्ये’ होता, इंग्लंडात राहून खेळ शिकून आला होता आणि शेजारच्या रेयुनियन बेटावरच्या सामन्यांसाठी जिल्ह्याचा खेळाडू तोच निवडणार होता.

“गुडघा वाकत न्हाय, मिस्ये,” लक्ष्मण म्हणाला. “तुमाला ठाव हाय.”

“सवय केली की वाकतो. नीट उभा राहा.”

लक्ष्मणच्या मस्तकात तिडीक गेली. सें पिएरच्या साखर कारखान्यात तो पंप चालवायचा. एकाहत्तर साली उसाची ट्रॉली त्याच्या गुडघ्यावर आली. तीन महिन्यांनी कुबड्या घेऊन कामावर गेला, तेव्हा मुकादमानेही सगळ्यांदेखत हेच सांगितलं होतं. नीट उभा राहा, नाहीतर घरी जा.

नीट उभं राहणं जमेना, म्हणून खेळताना त्याने आपली रीत शोधून काढली. सगळा भार उजव्या पायावर, डावा बाजूला ताठ, कंबर टेबलाच्या कडेला टेकलेली. दिसायला वेडंवाकडं, पण क्यूच्या काठीला मोकळी वाट मिळायची आणि कोपर सरळ रेषेत मागेपुढे व्हायचं. गेल्या आठ वर्षांत आसपासच्या गावांत त्याला हरवणारा कोणी उरला नव्हता.

इंद्रदेवच्या पुस्तकात मात्र डावा पाय पुढे होता. जन्मात पहिल्यांदाच बेटाबाहेर पाऊल पडेल, म्हणून लक्ष्मणने तीन आठवडे तसंही उभं राहून पाहिलं. घरी गुडघा सुजायचा. तेल चोळता चोळता त्याची बायको विद्यावती भडकायची. “बोंदिए, देवा! त्येला म्हनावं, येक दिस हा गुडघा लावून बग, मंग शिकव!”

आज निवडीचा शेवटचा सामना होता. समोर शाळेतला कारकून सत्यदेव, तीन डाव. पहिला डाव लक्ष्मण साहेबांच्या पद्धतीने खेळला. ताठ पाय पुढे आला की कंबर क्यूच्या वाटेत यायची, कोपर बाहेर फेकलं जायचं आणि चेंडू पॉकेटच्या कडेवर आपटून परत फिरायचा. डाव गेला. दुसरा सुरू होतो न होतो, तोच हा बूट.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. लक्ष्मणने पाय मागे घेतला.

“मिस्ये, परत बूट लावलात तर हा क्यू बॉलला लागनार न्हाय.”

इंद्रदेव लालबुंद होऊन दोन पावलं मागे सरला. लक्ष्मण आपल्या रीतीने टेबलावर वाकला आणि दुसरा डाव त्याने एका दमात संपवला. तिसऱ्यात सत्यदेवला मोजून दोनदा क्यू उचलायला मिळाला.

“लक्ष्मणभाऊ, हरलो मी,” सत्यदेवने त्याचा हात दाबला. “सरळ हरलो.”

इंद्रदेवने कागदावर नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. सत्यदेव.

“मी जिंकलो न्हवं?”

“जिंकलास. पण तिथे पाहुणे असतात, फोटो काढतात. टेबलापाशी लंगडा बगळा उभा करून बेटाची शोभा करायची का?”

लक्ष्मणने सत्यदेवकडे पाहिलं. सत्यदेव खाली बघत राहिला. क्यू मोडावा, साहेबाच्या टाळक्यात घालावा, असं लक्ष्मणला वाटलं. त्याने तो टेबलावर आडवा ठेवला.

“बॉलला शोभा कळत न्हाय, मिस्ये. त्येला धक्का कळतो.” मग तो वळला. “आन् सत्यदेव, तू जा. खुशाल जा. पन तिथं कुनी इचारलं, हितं कसा आलास, तर सांग, हरून आलो.”

घरी जायची बस गच्च भरली होती. त्याची चाल पाहून कंडक्टरने एका माणसाला उठवलं. “तोंतों, असिजे,” तो रिकाम्या जागेकडे हात करून म्हणाला.

लक्ष्मणने नको म्हणून मान हलवली. वळणावर सगळे एकमेकांवर कलंडत होते, दांड्यांना लोंबकळत होते. तो मधोमध, कशालाही न धरता, आपल्या रीतीने उभा होता. सें पिएर येईपर्यंत त्याने मुठी उघडल्या नाहीत.