नेमेसियोचा गळ

उन्हाळ्याने सगळी तळी आटली आणि दोमितिलाच्या घरामागच्या डोहात चिग्विऱ्यांचा एकच कळप उरला. सतरा जनावरं. डुकराएवढी, गुबगुबीत, पण जात उंदराची. तिच्या लहानपणी अशा कळपातून घोडा घालायला वाट मिळत नसे. आता हे सतरा संपले की आपुरे नदीच्या या काठाला चिग्विरा नावालाही उरणार नव्हता.

आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा तोंडावर आला होता. उपवासात मांस नाही, मासे चालतात. चिग्विरा पाण्यात राहतो म्हणून पूर्वापार त्याला माशांत धरलेलं. त्यामुळे उपवास माणसांचे आणि मरण त्याचं.

धाकटा दीर नेमेसियो अंगणात बंदुकीला तेल देत होता.

"वहिनी, मीठ काढून ठेवा. सगळे सतरा खारवायचेत."

"एखादी जोडी तरी ठेवा भाऊजी, बियाण्याला."

"छे! पाऊस आला की येतात आपोआप."

दोमितिलाने मीठ काढलं नाही. रविवारी चर्चमध्ये मात्र ती भर गर्दीत उठून उभी राहिली.

"पाद्रीबाबा, चिग्विरा मासाच ना?"

"मासाच, बाई."

"मग माशावर बंदूक चालवणाऱ्याला काय म्हणावं?"

सगळे हसले. पाद्रीही दाढीत हसले. "मासा गळानेच धरावा. संत पेद्रो जातीचा कोळी, त्याच्याकडे काही बंदूक नव्हती."

नेमेसियोचे कान लाल झाले. "गळ तर गळ!" तो गरजला.

सोमवारी तो गळाला मक्याचं कणीस लावून काठावर बसला. चिग्विऱ्यांनी कणीस कुरतडलं, गळ तेवढा ठेवला. मंगळवारी ऊस लावला, तोही गेला. बुधवारी एक पिल्लू त्याच्याच सावलीत येऊन झोपलं.

"लागलं का काही, काका?" पाण्याला आलेल्या बायका विचारत.

"गप्प बसा गं! मासे बुजतात!"

गुरुवारी त्याचा डोळा लागला, तेवढ्यात कळपातल्या थोरल्या नराने त्याची ताडपानाची टोपी खाल्ली. शुक्रवारी अख्ख्या गावाने घेवडा खाल्ला.

ईस्टरच्या सकाळी नेमेसियो बंदूक घेऊन हजर.

"संपला उपवास, वहिनी! आता गळाबिळाची भानगड नाही. आज ते जनावर आहे, जनावर!"

दोमितिला कॉफी गाळत होती. तिने मानही वर केली नाही.

"जनावर? मग भाऊजी, चाळीस वर्षं उपवासाच्या शुक्रवारी तुम्ही काय खाल्लंत? पाद्रीबाबा दुपारी पुढच्या गावाला निघणार आहेत. पापं कबूल करायची तर आत्ताच गाठा, बराच वेळ लागेल."

 नेमेसियो बंदूक भिंतीला टेकवून ओट्यावर बसला.

"मासाच आहे तो," तो पुटपुटला.

"मग गळ आणू?"

"कॉफी आणा. आणि त्या माशाला सांगा, माझी टोपी परत कर म्हणावं."