वेंडेलचा निष्काळजी हात

आर्लीन पेल्कीला उंदराच्या सापळ्याचीही भीती वाटे. तरी दुकानातल्या शिकारीच्या वहीत तिच्या नावावर सव्वीस हरणं होती. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या उत्तरेकडच्या गावाची रीतच तशी. एका परवान्यावर वर्षाला एकच हरीण. मारायचं पुरुषांनी, आणि चढवायचं आईच्या नाहीतर बायकोच्या परवान्यावर. आर्लीन घरात केक भाजत बसायची आणि तिकडे रानात तिची हरणं पडायची.

यंदा पाळी सुनेची, कोरीनची. परवाना सासूनंच काढायला लावला होता.

नोव्हेंबरातला, शिकारीचा पहिला शनिवार. गाडीच्या मागच्या हौद्यात शिंगाळा नर पडला होता. डोळे उघडे, पापण्यांवर दंव, जणू कुणाची तरी वाट बघताबघता थिजलेला.

"तू फक्त नाव लिही आणि सही कर," तिचा नवरा वेंडेल म्हणाला. "बाकी मी बोलतो."

"आणि रायफल कुणाची सांगायची?"

"तुझी. रॉस्कोकडे ठेवायला दिलेल्या माझ्या सगळ्या रायफली सोमवारी घरी आणतो, तुझ्या म्हणून. शिकारी बाईच्या घरात बंदुका असणारच की."

कोरीननं खिडकीबाहेर पाहिलं. मार्चमध्ये यानं बिडाचा तवा भिरकावला होता. कोर्टात मान खाली घालून म्हणाला, नेम धरून नाही साहेब, हात जरा सैल सुटला, ती मध्ये आली. निष्काळजीपणा तेवढा कबूल केला आणि स्वस्तात सुटलो म्हणून बियर फोडली. मग कळलं, बायकोवर निष्काळजीपणानं उठलेला हातही कायद्याला मारणारा हातच दिसतो. बंदूक बाळगायचा हक्क जन्माचा गेला; पुन्हा हातात दिसली तर तुरुंग. तेव्हा मात्र रडला. तव्यासाठी नाही, रायफलींसाठी. आणि तिच्या डाव्या कानात त्या दिवसापासून एक रातकिडा वस्तीला आला होता. सकाळ नाही, दुपार नाही, किरकिरतोच आहे.

दुकानाबाहेरच्या वजनकाट्याला दुकानवाल्या व्हर्नानं हरीण टांगलं. कॉफीचे पेले घेऊन चारसहा जण भोवती जमले.

"एकशे नव्वद पौंड," व्हर्ना म्हणाली आणि वही-पेन्सिल पुढे केली. "कुणी मारलं?"

"हिनं," वेंडेल म्हणाला.

म्हातारा लाइल खुदखुदला. "कोरीननं? मग हरणानंच आत्महत्या केली असणार."

"डोळे मिटून चाप ओढला असेल पोरीनं," दुसरा म्हणाला. "नशिबानं लागली."

वेंडेलची मान लाल झाली. कोरीन बघत होती. बायकोचं कानशील फुटलं तेव्हा याचा रंग बदलला नव्हता.

"नशिबानं?" तो पुढे सरला. त्यानं जखमेवर बोट ठेवलं. "इथं बघ. खांद्याच्या मागं, बोटभर खाली. एकच गोळी, पावणेदोनशे पावलांवरून. तासभर वारा जोखत बसलो, काटकी मोडू दिली नाही पायाखाली. माझा हात हलत नाही, लाइल. तीस वर्षांत एकदाही नाही."

लाइल पेल्यात बघू लागला. वही सोमवारी शिकार-अधिकाऱ्याकडे जाते हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

हरणासाठी तासभर श्वास रोखून बसतो, कोरीनच्या मनात आलं, आणि माझ्यासाठी याचा हात सैल सुटतो. एवढासा माणूस. याला मी नऊ वर्षं भ्याले.

तिनं पेन्सिल टेकवली. मारणाऱ्याचं नाव: वेंडेल पेल्की. अंतर: पावणेदोनशे पावलं. गोळ्या: एक. शेवटच्या रकान्यात स्वतःची सही केली नाही.

"काय लिहिलंस?"

"तू सांगितलंस तेच."

"खोड ते. अगं, खोड."

व्हर्नानं वही ओढून घेतली आणि मिटली. "माझ्या वहीत खाडाखोड चालत नाही."

"कोरीन, मी मुद्दाम बोललो का? तोंडातून निसटलं."

"तुझं सगळंच निसटतं," ती म्हणाली.

पेन्सिल तिनं काट्याशेजारच्या डब्यात नीट टोक वर करून ठेवली आणि व्हर्नाला विचारलं, "मला बहिणीकडे सोडशील?"