राहिलेले टोले

"बटाटे काय पळून चाललेत का?" बायको बांधावरूनच कडाडली. "म्हातारे फादर जाऊन आज तीस दिवस, चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, आणि तुम्ही इथं माती उपसताय! उठा की!"

घंट्यानं मान वर केली नाही. कुदळ घातली, सरी उलटवली. चार बटाटे निघाले, त्यातला एक मधोमध चिरलेला. पूर्वी ह्या माणसाच्या कुदळीनं बटाट्याच्या सालीला ओरखडा काढला नव्हता. हल्ली टोपलीत अर्धा माल चिरका. जमीन ओली, चिकट, कुदळीला ढेकूळ धरून बसलेलं. पण दोष जमिनीचा नव्हता.

"तू जा," तो म्हणाला.

"मी जाणारच. घंटा कोण वाजवणार?"

"वाजवेल कुणीतरी."

"कुणीतरी म्हणे! तुमच्या आज्यापासून तो दोर आपल्या घरात. कुणाची छाती आहे हात लावायची?" ती थांबली. मग आवाज उतरवून म्हणाली, "महिना झाला. नवे फादर मोबाइलात वेळ बघून मिस्सा सुरू करतात. निम्मे लोक उशिरा येतात. बरं दिसतं का हे?"

घंट्यानं पुढच्या सरीत कुदळ घातली. ती पदर खोचून तरातरा निघून गेली.

आता ह्या गावची रीत सांगायला हवी. इथं माणूस वारला की चर्चची घंटा त्याच्या वयाइतके टोले देते. शेतात वाकलेली माणसं कंबर सरळ करतात, मोजतात, आणि आकड्यावरून ओळखतात कुणाचं घर ते. घंट्याला आख्ख्या गावाची वयं तोंडपाठ. म्हातारे फादर एकोणऐंशीचे. त्यांचंही त्याला पाठ होतं, आणि तेच नडलं.

फादर म्हणजे काय माणूस होता हो! गावात पाण्याचा पंप बंद पडला की आधी फादर, मग मिस्त्री. झगा कमरेला गुंडाळून विहिरीत उतरायचे, पान्यांची पेटी बरोबर. बाळाच्या बाप्तिस्म्याला कपाळावर पाणी घालायचे तेव्हा नखात ग्रीसची काळी रेघ असायची, आणि एकाही आईनं कधी नाक मुरडलं नाही. घंट्याचा पंप तर त्यांनी एका मोसमात सात वेळा उघडला. सातव्या वेळी म्हणाले, "घंट्या, ह्या पंपाला आता अखेरचं तेल लावायला हवं, मशीनचं नव्हे, मरणाऱ्याच्या कपाळाला लावतो ते माझ्याकडचं!" आणि स्वतःच पोट धरून हसत सुटले.

असा तो माणूस. एका सकाळी मिस्सा आटोपून पायरीवर बसला तो छाती धरूनच. गावच्या टेम्पोत गादी टाकली, त्यांची स्वयंपाकीण मावशी उशाशी बसली, आणि टेम्पो शहराच्या दवाखान्याकडे निघाला. घंट्याला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो पहाटेची घंटा वाजवून शेतात आलेला. रस्त्यानं दूधवाला सायकल मारत गेला आणि जाता जाता ओरडला, "फादर गेले हो!"

गेले म्हणजे दवाखान्यात गेले. घंट्यानं ऐकलं ते दुसरं.

कुठं गेले, एवढंच विचारायचं होतं. दूधवाला हाकेच्या अंतरावर होता. पण घंट्या कुदळ टाकून चिखलाच्या पायांनी धावला आणि दोराला लोंबकळला. डोळ्यांतून धारा, तोंडात आकडे. आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात एक घाई पण होती. गावाला कळावं ते आपल्या हातून कळावं, ही घाई. ती त्याची त्यालाच माहीत होती, आणि तीच महिनाभर त्याला आतून कुरतडत होती.

एकसष्टाव्या टोल्याला शाळामास्तरांनी येऊन दोर धरला. "अरे बाबा, काय करतोस हे? जिवंत आहेत ते! टेम्पो पंक्चर होऊन वळणावर उभा आहे. तिथं सगळं ऐकू जातंय!"

दोन दिवसांनी फादर खरोखरच गेले. घंट्याला बोलवायला माणसं आली, तेव्हा तो बटाट्याच्या सरीत आडवा पडून राहिला. "माझ्या हाताला सांगू नका," एवढंच म्हणाला. दुसरा कुणी दोराला हात लावेना. ज्या फादरांनी गावातल्या शेकडो माणसांना घंटेच्या आवाजात माती दिली, ते स्वतः मुक्यानं मातीत गेले. आधी नको तेव्हा वाजवली, मग हवी तेव्हा वाजवली नाही. जिवंत माणसाला त्याच्या मरणाची घंटा ऐकवली. ती ऐकून त्यांनी जगायची आशाच सोडली असेल तर? मग मारलं कुणी त्यांना? पापाच्या कबुलीला जावं, तर नव्या फादरांना सांगणार काय? 'कुठं' असं विचारलं नाही, हे पाप देवाच्या दहा आज्ञांपैकी कुठल्या आज्ञेत बसतं?

"घंट्या!"

त्यानं पाहिलं. बांधावर मावशी उभी होती, हातात पिशवी. फादरांना माती दिल्यावर ती बहिणीकडे गेली होती, ती आजच परतलेली. गेला महिनाभर तो ज्या एका माणसाला घाबरत होता ती हीच. वळणावर फादरांचं डोकं हिच्याच मांडीवर होतं.

"मावशी, काय बोलायचं ते बोला," तो म्हणाला. "मी ऐकून घेतो."

"बोलायला नाही आले. निरोप द्यायला आलेय. द्यायला उशीर केलाय मी, ते आधी सांगते." तिनं पिशवी खाली ठेवली. "त्या दिवशी घंटा सुरू झाली, आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, ह्या मेल्याला फोडून काढीन! फादर मात्र बोटांवर टोले मोजायला लागले."

"मोजायला?"

"मग! एकसष्टला तू थांबलास. तर हसले. म्हणाले, 'कुणीतरी सांगितलं वाटतं त्याला.' मी रडत होते, तर मला म्हणतात, 'रडतेस काय? आपण कुणाच्या घरी जातो तेव्हा दारावरची घंटा वाजवतोच ना? घंट्यानं माझ्यासाठी वाजवून ठेवली. आता तिकडं कुणीतरी दार उघडायला उठलं असेल.' असा त्यांचा चेहरा, बघ, एखाद्या लग्नघरी निघाल्यासारखा."

घंट्याच्या हातातली कुदळ कधी गळून पडली त्याला कळलं नाही.

"आणि म्हणाले, 'गावात परतलीस की त्याला पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर तो मनाला लावून घेईल. म्हणावं, एकसष्ट मला पोचले. राहिलेले अठरा वेळ आली की वाजव. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नकोस, लोकांची शेतातली कामं खोळंबतात.'"

"पहिल्याच दिवशी..." घंट्या पुटपुटला.

"हो. आणि मी नाही सांगितलं!" मावशीचा आवाज फुटला. "राग होता मला तुझा. म्हटलं, जळू दे थोडा. फादरांचा शेवटचा निरोप, आणि मी तो महिनाभर गाठोड्यात बांधून फिरले. तुझं चुकीनं झालं रे. माझं जाणूनबुजून झालं."

घंट्यानं तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. मग घंट्या निघाला. हातपाय धुतले नाहीत, सदरा बदलला नाही. मावशी पिशवी सावरत मागोमाग.

चर्चच्या मनोऱ्याखाली दोर महिनाभराच्या धुळीनं खरखरीत झाला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि एकेक टोला सुटा, सावकाश दिला. अठरा झाले. थांबला.

आणि मग बाहेर एकच गिल्ला उठला. घंट्या फादरांचे टोले देत होता, पण गावानं आपल्या रीतीनं मोजले होते. अठरा! अठरा वर्षांचं कोण गेलं? सगळ्यात पुढं शिंपीणबाई, अनवाणी, केस सुटलेले. तिची लेक अठराची. मागून धापा टाकत ती लेक स्वतःच, "आई, अगं मी इथं आहे, थांब ना!" करत. त्यांच्या मागं निम्मा गाव.

"कोण गेलं रे? सांग, कोण गेलं?" शिंपीणबाईनं त्याची गचांडीच धरली.

"फादर," घंट्या म्हणाला.

"फादर जाऊन महिना झाला, मेल्या!"

तेव्हा त्यानं सांगितलं. सगळ्यांसमोर, दोर हातात धरून. दूधवाल्याला काय विचारायचं होतं ते, विचारलं का नाही ते, ती घाईसुद्धा. वळणावर फादर काय म्हणाले तेही. मावशी मध्येच म्हणाली, "आणि निरोप मी दाबून ठेवला," आणि पदरात तोंड घातलं.

शिंपीणबाईनं गचांडी सोडली, लेकीचा हात घट्ट धरला आणि ओठ हलवत हिशेब केला. "एकसष्ट आणि अठरा. एकोणऐंशी," ती म्हणाली. "भरले."

"मला शिव्या द्या हो," घंट्या म्हणाला. "तुमचा जीव घेतला असता मी आत्ता."

"देते. मिस्सा झाल्यावर निवांत देते," ती म्हणाली. "वेळ झाली ना? मग मिस्साची वाजव की. उभा काय राहिलास?"

बोलवायला बाहेर कुणी उरलंच नव्हतं. गाव आधीच दारात जमलं होतं, कुणी अनवाणी, कुणी मातीच्या हातांनी. तरी घंट्यानं घंटा वाजवली. पूर्ण वाजवली. 'कुठं' हा प्रश्न विचारायचा राहिला तो राहिलाच होता, आणि तो आत टोचत होताच; तसाच टोचता घेऊन तो सगळ्यांच्या मागून आत गेला.