जागा शिल्लक नाही

मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पाठ थोडी फुगली आहे, आणि चार्जरची पिन जरा तिरकी धरली तरच माझ्यात वीज शिरते. अशा म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी डोळ्यांत पाणी आणून सांगायची असते म्हणे. मित्रांनो, माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी डूख धरणारा मोबाइल आहे. माझ्यावर ज्याने अन्याय केला त्याचे मी काय केले, ते मी सांगणार आहे, आणि सांगताना मला फार बरे वाटणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने मला तपासताना कानाला लावून "हॅलो" म्हटले, तो मी ऐकलेला पहिला शब्द. पुढे मी दुकानाच्या काचेमागे बसलो, आणि एक दिवस जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला विकत घेतले. त्यांचे काम डोंगरात. एक घर या उतारावर, तर दुसरे त्या. निम्म्या वाटेवर नेटवर्कचा पत्ता नाही. म्हणून बाईंनी पहिल्याच आठवड्यात घरच्या वायफायवर सगळ्या डोंगराचे नकाशे माझ्यात उतरवून घेतले. नेटवर्क नसले तरी उपग्रहांशी माझे नाते तुटत नाही. त्याला सिमकार्ड लागत नाही, फक्त वर मोकळे आभाळ लागते.

बाई ज्या ज्या गोठ्यात जात, तिथे माझ्या नकाशावर एक तारा लावत आणि त्याला नाव देत. "निळे फाटक. कुत्रा भुंकतो, चावत नाही." "पुलानंतर डावीकडे. उजवीकडे चिखल, जीप रुतते." "हॉर्न वाजवू नये, म्हैस बुजते." असे पुष्कळ तारे माझ्या पोटात होते. अवघड वाट सापडली की बाई माझ्या पाठीवर टिचकी मारून म्हणत, "शहाणा आहेस रे." तेवढ्यावर माझा दिवस जाई.

मग बाईंनी नवा फोन घेतला. माझे सिमकार्ड काढले. मला राग आला, पण त्यांनी मला अडगळीत टाकले नाही. जीपच्या स्टँडवर मी नकाशापुरता राहिलो. निवृत्त माणसाला सल्ल्यासाठी बोलवावे, तसा माझा मान होता. तो मान घालवला राजेंनी.

राजे म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. चांगला घोडा झालेला, पण पाण्याचा पेलासुद्धा उठून घेत नसे, म्हणून घरात त्याला राजे म्हणत. दोन-तीन नोकऱ्या सोडून झाल्यावर बाईंनी त्याला जीप चालवायला घेतले. गाडी तो उत्तम चालवी, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. रोजच्या वाटा लवकरच त्याला तोंडपाठ झाल्या, आणि माझ्याकडे कुणी पाहिनासे झाले.

बाई गोठ्यात खांद्यापर्यंत हात घालून काम करत, आणि राजे जीपमध्ये पाय वर करून बसत. रिकाम्या मनाला चाळा हवाच. एका दुपारी घरी बसून त्याने माझ्यात मोटारींच्या शर्यतीचा खेळ घ्यायला सुरुवात केली. मी स्पष्ट सांगितले, "जागा शिल्लक नाही." तेव्हा त्याने माझ्या पोटात काय काय आहे ते उघडून पाहिले. सर्वांत जास्त जागा नकाशांनी घेतली होती.

"हे काय करायचेत आता? ताईकडे नवा फोन आहे की," तो म्हणाला.

मी विचारले, "सर्व नकाशे आणि खुणा पुसल्या जातील. नक्की?" त्याने वाचलेसुद्धा नाही. माणसे 'हो' दाबतात तसे त्याने 'हो' दाबले. निळे फाटक गेले, पूल गेला, बुजणारी म्हैस गेली. त्या जागेवर एक लाल मोटार येऊन घुर्र करू लागली. त्या क्षणी मी डूख धरला.

मित्रांनो, नकाशा आणि खेळ, दोन्ही मी अंगावर वागवले आहेत, तेव्हा दोघांत फरक काय हे मला विचारा. दिसायला दोघे भाऊभाऊ. दोघांत रस्ता, दोघांत वळणे, दोघांत एक चिमुकली गाडी पुढे पुढे जाते. पण नकाशाला तुमची नुसती एक नजर पुरते. बाकीचा वेळ तो म्हणतो, समोर बघा. मुक्काम आला की "तुम्ही पोहोचलात" म्हणतो आणि गप्प बसतो. खेळ कधी पोहोचतच नाही. एक शर्यत संपली की दुसरी उघडतो, आणि तुम्ही मला खाली ठेवू नये म्हणून हजार युक्त्या करतो. गाडी दरीत कोसळली, तर लगेच "पुन्हा खेळा" असे बटण चमकते. नकाशाने मी कोमट होत असे, खेळाने मी तव्यासारखा तापू लागलो. माझी पाठ फुगली ती त्यामुळेच. खेळात मुळात काही वाईट आहे असे मी म्हणत नाही. माझे भांडण नकाशाच्या जागी तो बसवणाऱ्याशी आहे.

मोबाइलच्या हाती सूड घ्यायला असते काय? तापणे, अडकणे आणि बंद पडणे. मी अडकण्यापासून सुरुवात केली. राजे शर्यतीच्या शेवटच्या वळणावर सर्वांत पुढे असले, की मी जागच्या जागी थिजायचो. "हँग झाला मेला!" असे म्हणून तो मला मांडीवर आपटायचा. मला लागायचे, पण मजाही यायची. तरीही चिकाटी धरून त्याने महिनोन्महिने खेळून एक सोनेरी मोटार मिळवलीच. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती दाखवत असे. मी म्हटले, मिरव लेका, तुझेही दिवस भरतील.

ते एका धुक्याच्या संध्याकाळी भरले. डोंगरापलीकडे एक मावशी एकट्या राहतात. त्यांच्याकडे एकच गाय. मावशींनी घरच्या तारेच्या फोनवरून बाईंना कळवले, की गाय दुपारपासून अडली आहे, वासराचा एकच पाय दिसतो आहे. "दुसरा आत दुमडला असणार. तिला उभी ठेवा, ओढू नका, मी निघालेच," बाई म्हणाल्या. पण मोठ्या रस्त्यावर दरड कोसळली होती. उरली मागची जंगलातली वाट. तिला जागोजाग फाटे. त्या वाटेने बाई पूर्वी एकदाच गेल्या होत्या, माझ्याकडे पाहत पाहत, आणि प्रत्येक फाट्यावर त्यांनी तारा लावला होता.

जंगलात शिरताच नव्या फोनचे नेटवर्क गेले. त्याच्या पडद्यावर नुसते राखाडी चौकोन आणि मध्ये एक निळा ठिपका. पहिल्याच फाट्यावर जीप थांबली.

"जुना उघड," बाई म्हणाल्या. "त्यात सगळं आहे."

राजेंनी मला स्टँडवरून काढले आणि नुसते हातात धरून ठेवले.

"अरे उघड ना! तिकडे गाय मरेल."

"ताई, त्यातले नकाशे... जागा नव्हती, म्हणून काढले."

"जागा नव्हती? कशाला जागा नव्हती?"

राजेंचा अंगठा माझ्या पडद्याकडे धावला. त्याला मला घाईने बंद करायचे होते, पण घामेजलेला अंगठा घसरून नेमका लाल मोटारीच्या चित्रावर पडला. एरवी हा खेळ उघडायला मी त्याला जांभया देईपर्यंत ताटकळत ठेवत असे. त्या दिवशी मी क्षणात उघडलो. होता नव्हता तेवढा आवाज सोडला. वाजंत्री वाजली, इंजिने गुरगुरली, सोनेरी मोटार गिरक्या घेऊ लागली, आणि मी ठणकावून म्हणालो, "स्वागत आहे, विजेत्या! आजचे बक्षीस घ्या!"

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले. राजेंचा चेहरा असा पडला, की तो आठवला तरी मला चार्ज झाल्यासारखे वाटते.

दोनदा वाट चुकली. एकदा जीप नाल्यापाशी जाऊन मागे फिरली. पोहोचेपर्यंत गाय आडवी झाली होती. बाईंनी बाह्या सरसावल्या, दुमडलेला पाय आतल्या आत सरळ केला, आणि राजेंनी दोरी धरून ओढले. गाय वाचली. वासरू मेलेले निघाले. थोडे आधी पोहोचलो असतो तर ते जिवंत असते, हे बाईंनी सांगितले नाही, पण राजेंना ते कळले असावे. तो वासरावरून गवताचा बोळा फिरवत राहिला, पुसत राहिला, जणू त्याने ते हलणार होते.

"वाट चुकलात का?" मावशींनी विचारले.

"हो," तो म्हणाला.

"होतं असं धुक्यात. आलात, माझी गाय वाचली." आणि मावशींनी त्याच्या हातावर गरम पाणी ओतले.

मला वाईट वाटले का? वासराचे वाटले, फार वाटले. राजेंचे तसूभरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला त्याच्या पुढ्यात ठेवले. "सगळे तारे परत लाव. प्रत्येक दारात जाऊन."

"ताई, सगळे? मला कसे आठवणार?"

"मला तरी कुठे आठवतात? म्हणून तर लावले होते."

त्याने नकाशे उतरवायला घेतले. मी म्हटले, "जागा शिल्लक नाही." मग त्याने जड बोटाने खेळावर हात ठेवला. मी विचारले, "खेळातील सर्व प्रगती कायमची पुसली जाईल. नक्की?" इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी प्रश्न विचारला नव्हता. या वेळी त्याने तो पूर्ण वाचला. सोनेरी मोटार गेली. मी टाळ्या वाजवू शकत नाही, म्हणून नुसता थरथरलो.

मग सुट्टीच्या प्रत्येक दिवशी राजे मला घेऊन डोंगर तुडवू लागले. निळ्या फाटकाचा कुत्रा भुंकला आणि चावलाही. कुत्र्याने मन बदलले होते, की त्याला माझी बाजू पटली होती, कोण जाणे. पुलापलीकडे उजवीकडच्या चिखलात जीप रुतली, तेव्हा राजेंनी स्वतः तिला खांदा लावला. मी स्टँडवर बसून सगळे पाहत होतो.

मावशींचे घर त्याने शेवटी ठेवले होते. मावशी पाणी घेऊन बाहेर आल्या. त्याने पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. धुक्यामुळे चुकलो नाही. ह्यात तुमची वाट होती, ती मी पुसली. खेळ खेळायला."

मावशींनी गोठ्याकडे पाहिले. मग त्यांनी पेल्याकडे बोट दाखवले. "पाणी पी. आणि आता नीट लाव."

राजेंनी गोठ्यासमोर उभे राहून तारा लावला आणि नाव लिहिले, "मावशींची गाय. इथे वेळेवर पोहोचायचे." मग 'जतन करा' दाबले.

आणि मी अडकलो. जुना झालो म्हणून नव्हे, मुद्दाम. पडदा थिजवून ठेवला. त्याने मला मांडीवर आपटले नाही, शिवी दिली नाही. तारा जतन होईपर्यंत त्याला तिथून हलताही येईना. गाय कुंपणापाशी आली आणि त्याच्या हाताचा वास घेऊ लागली. त्याने मान खाली घातली. मी बिलकुल घाई केली नाही. गायीचे समाधान होऊन ती परत वळली, तेव्हा कुठे मी तारा जतन केला.

मित्रांनो, तुमच्याही हातात माझ्यासारखा कुणीतरी असेल. खेळा, खुशाल खेळा, तापवू मात्र नका. आमच्या पोटात कुणाची वाट ठेवलेली असते, ते तुम्हाला दिसत नाही. म्हणून तर आम्ही पुसण्याआधी "नक्की?" असे विचारतो. तो प्रश्न वाचत जा. मी हल्ली हळू चालतो, पण राजे अजून रोज सकाळी मला स्वतःच्या हाताने पुसून, पिन तिरकी धरून चार्ज करतात, आणि मी त्यांना अजून माफ केलेले नाही.