काचेवरची देखणी अक्षरं

नव्या दवाखान्याच्या पाट्यांचं काम मिळालं, तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. अक्षरांची रचना करणं हाच त्याचा धंदा. कचेरी तो आणि त्याची भागीदारीण मिळून चालवायचे. तिने नमुना सॅन्स सेरिफमध्ये केला होता. टोकांना कसलीही नक्षी नाही, सगळीकडे सारखी जाडी, लांबूनही ठसठशीत. त्याने नाक मुरडलं.

“ही तर टक्कल केलेली अक्षरं. दवाखाना आहे, गोदाम नव्हे.”

त्याला सेरिफच हवा होता. जाड रेघ वळणावर केसासारखी बारीक होते, टोकाला नाजूक पाऊल टेकवते. त्या अक्षरांत खानदानी अदब आहे, असं तो दवाखानेवाल्यांना रंगवून सांगत होता. कागदावर हे शोभेल, पण काचेच्या दारावर उजेडात बारीक रेघा विरून जातील, असं भागीदारीण म्हणाली. तो हसला आणि सगळ्यांदेखत बोलून गेला, “हिला नजर थोडी कमी आहे.” तिने आपला नमुना गुंडाळून ठेवला.

पाट्या लागल्या, वाहवा झाली. काही आठवड्यांनी तो मावशीला गुडघा दाखवायला तिथेच घेऊन गेला. आई गेल्यावर मावशीनेच त्याला वाढवलं होतं. बाकावर शेजारी बसलेल्या प्रत्येकाला ती सांगत होती, ही सगळी अक्षरं माझ्या मुलाची. तो सुखावला. तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेला.

परत आला तर बाक रिकामा. मावशी बोळाच्या टोकाला भिंतीला चिकटून उभी होती. कपडे ओले, पायाशी ओल. सफाईवाली फरशी पुसत होती. स्वच्छतागृह शोधत मावशी त्याच काचेच्या दारावरून अनेकदा गेली होती.

“आजी, दारावर लिहिलंय की,” सफाईवाली म्हणाली.

“चष्मा घरी राहिला गं माझा,” मावशी म्हणाली.

चष्मा तिच्या हातातच होता. तिने मूठ घट्ट केली, हात पाठीमागे नेला. त्याने ते पाहिलं. चूक यांची नाही, माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण बाकावरची माणसं बघत होती. त्याची जीभ रेटेना. खाली मान घालून त्याने आपला कोट तिच्या कमरेभोवती गुंडाळला.

गाडीत त्याने विचारलं, “खोटं का सांगितलंस?”

“मग काय तुझं नाव सांगू?” ती बाहेर बघत राहिली. “देखणी आहेत रे अक्षरं. उजेडात नुसत्या उभ्या रेघा दिसतात, एवढंच.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने भागीदारणीला सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने समजूत घातली नाही. “सगळ्यांदेखत बोललास, आता सगळ्यांदेखतच सांग,” म्हणाली. तो दवाखान्यात गेला, त्याच माणसांसमोर चूक कबूल केली. पाट्या बदलल्या. काळी, जाड, साधीसुधी अक्षरं दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसली.

मग तो मावशीला तपासणीसाठी पुन्हा त्याच दवाखान्यात न्यायला गेला. ती म्हणाली, गुडघा आता बरा आहे, उगाच कशाला. आणि भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल सांभाळत, त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली.