शिंगाच्या मुठीचा चाकू

तिला सगळे सुरीमावशी म्हणत. ती तसबिरींच्या चौकटी करून द्यायची, म्हणजे खरं तर फ्रेममावशी म्हणायला हवं होतं. पण नाव पडायचं ते पडतंच. घडीचे, खिशात मावणारे, जुन्या पद्धतीचे चाकू जमवायचा तिला नाद होता. लाकडी मुठीचे, हाडाच्या मुठीचे, एका पात्याचे, दोन पात्यांचे, जिथे दिसतील तिथून ती आणायची. इतर बायका दागिने ठेवतात त्या कपाटाच्या खणात हिचे चाकू तेलाच्या फडक्यात गुंडाळून झोपलेले असायचे. रोज सकाळी निघताना ती एक निवडायची आणि एप्रनच्या खिशात टाकायची.

"आज कुणाची पाळी?" नवरा विचारायचा. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता आणि बायकोच्या या नादावर त्याच्याकडे ठेवणीतले विनोद होते. "उद्या माझ्याशी भांडून माहेरी गेलीस तर कपडे विसरशील, पण हा खण उचलून नेशील."

"कपडे तिकडेही मिळतात," मावशी म्हणायची.

चाकू ही तिच्या लेखी कामाची वस्तू होती. फ्रेमच्या पाठीला खाकी कागद चिकटवून कडेने कापायला चाकू, पेन्सिलीला टोक काढायला चाकू, सुतळी तोडायला चाकू, मधल्या वेळचं सफरचंद कापायला पुन्हा तोच, फक्त पुसून. गिऱ्हाइकासमोर ती तो सहज काढायची, सहज मिटायची. त्याची कुणाला भीती वाटावी असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

पलीकडच्या गल्लीत कपडे धुऊन इस्त्री करून देणारं एक दुकान होतं. तिथे कोपऱ्यात बसून एक बाई रफू करायची. अबोल, बारीक हातांची, डोळे कायम सुईवर. ती या भागात नवीन होती. गेल्या थंडीत ती मावशीकडे आली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी तिने काउंटरवर ठेवलं.

"मावशी, तुमच्याकडे इतके आहेत. त्यात हा एक खपून जाईल. माझ्याकडे नुसता पडलाय."

मावशीने रुमाल सोडला. काळपट शिंगाची मूठ, वर्षानुवर्षं हातात फिरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. एकच लांब पातं. मुठीचे दोन खिळे पितळेचे आणि तिसरा, मागाहून बसवलेला, तांब्याचा. असा चाकू शोधायला ती गावोगाव हिंडली असती आणि इथे तो आपल्या पायाने दुकानात चालत आला होता.

"फुकट कसा घेऊ? आणि एवढा नकोसा झालाय तर टाकून का नाही दिला?"

"टाकला तर कुणीतरी उचलेल," रफूवाली म्हणाली आणि रुमालही न घेता गेली.

मावशीला तेव्हा विचारायला हवं होतं. पण तिचं लक्ष मुठीवर होतं. त्यानंतर तो चाकू तिचा इतका लाडका झाला की नवऱ्याने पाळी विचारणंच सोडून दिलं.

मग एका दुपारी एक माणूस दुकानात आला. रस्ता उन्हाने ओस पडला होता. इस्त्रीचे कपडे, नीट विंचरलेले केस, आवाज असा की वाचनालयात बोलतोय. त्याने पाकिटातून एक फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला.

"फ्रेम करायची आहे."

मावशीने चष्मा लावला. खुर्चीवर बसलेली एक तरुण बाई. गाल भरलेले, वेणी पुढे घेतलेली. बघता बघता मावशीला चेहऱ्याची ओळख पटली. ही तर आपली रफूवाली. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण तिने मान वर केली आणि ते तिथेच थिजले. फोटो फ्रेमला देणारा माणूस त्या फोटोकडे बघतो, निदान एकदा तरी. हा माणूस फोटोकडे बघतच नव्हता. तो मावशीच्या तोंडाकडे बघत होता.

"ओळखीची वाटते?"

"दिवसभर चेहरेच बघते मी," मावशी म्हणाली. "कुठली पट्टी लावू? काळी, की ही सागवानी?"

"बायको आहे माझी. घरातून निघून गेली. डोकं जरा ठिकाणावर नव्हतं तिचं. कुणीतरी म्हणालं, या भागात दिसली. म्हणून दुकानोदुकानी विचारतोय. काळजी वाटते हो."

बोलणं सरळ होतं. नवरा-बायकोच्या मधे तिऱ्हाइताने पडू नये, हे मावशी स्वतःच इतरांना ऐकवायची. काय खरं नि काय खोटं, देव जाणे. ती गोंधळली आणि गोंधळली की तिचे हात आपोआप कामाला लागत. पुठ्ठा मापाने कापावा म्हणून तिने खिशातून चाकू काढला.

समोरच्या माणसाची नजर चाकूवर खिळली.

"बघू जरा?"

नाही म्हणायला कारण सुचेना. त्याने चाकू घेतला आणि न बघता, एका हाताने, अंगठ्याने पातं उघडलं. मावशीला इतक्या महिन्यांत ते कधी एका हाताने उघडता आलं नव्हतं. मग त्याचा अंगठा मुठीवरून फिरला आणि तांब्याच्या खिळ्यावर येऊन थांबला.

"कुठे मिळाला?"

"जुन्या बाजारात." खोटं आपसूक बाहेर पडलं. "चादर पसरून बसतात ना, त्यातल्या एकाकडे. चेहराबिहरा काही आठवत नाही."

"वडिलांचा आहे माझ्या. हा खिळा मीच बसवलेला."

त्याने चाकू परत मागितला नाही. मिटलाही नाही. उघडाच काउंटरवर ठेवला, टोक मावशीकडे, आणि एका बोटाने हलकेच सारून सरळ केला, जेवताना कुणी चमचा नीट करावा तसा.

"फ्रेम कधी मिळेल?"

"परवा."

"येतो."

तो गेल्यावर मावशी उघड्या चाकूकडे बघत राहिली. चाकू मागून घेतला असता, भांडला असता, तर बरं वाटलं असतं. तिने पातं मिटलं. उठावं आणि तडक पलीकडच्या गल्लीत जाऊन तिला सांगावं, असं मनात आलं. ती दारापर्यंत गेलीही. समोर झेरॉक्सच्या दुकानाच्या सावलीत तो उभा होता. हातात कसलाच कागद नव्हता. तोंड इकडे होतं.

मावशी माघारी फिरली आणि तिने धाकट्या जावेला फोन लावला.

"तुझे पडदे काढ आणि इस्त्रीच्या दुकानात रफूवालीकडे घेऊन जा. आखूड करायचेत."

"वहिनी, माझे पडदे आधीच आखूड आहेत. शेजारच्यांना आमच्या घरातले पाय दिसतात."

"अजून आखूड कर. आणि पडदे तिच्या हातात देताना कानात सांग की तिचा नवरा फोटो घेऊन या भागात फिरतोय. तिला मागच्या दाराने बाहेर काढ आणि माझ्या घरी घेऊन ये. माझ्या दुकानावरून येऊ नका."

एरवी जावेला कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागायची. त्या दिवशी तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मावशी घरी पोचली ती मधल्या तीन गल्ल्यांचा वळसा घालून, दर कोपऱ्यावर थांबत. रफूवाली स्वयंपाकघरात बसली होती, जाऊ तिच्या शेजारी. पुढ्यातला चहा निवून गेला होता. मावशीच्या नवऱ्याने दाराला आतून कडी लावली होती आणि खिडकीचा पडदा ओढला होता, जे तो कधी करत नसे.

"चाकू बघितला त्याने," मावशी म्हणाली. "माझंच चुकलं. खिशातून काढला मी."

रफूवालीने मान हलवली. मग ती बोलायला लागली, पण अशी की जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेय.

"तो मारायचा नाही. एकदाही हात लावला नाही. जेवायला बसलं की खिशातून चाकू काढायचा, उघडायचा आणि ताटाशेजारी ठेवायचा. टोक माझ्याकडे. एका बोटाने सरळ करायचा. मग विचारायचा, आज कुठे गेली होतीस? कुणाशी बोललीस? आवाज कधी चढवला नाही. रोज. माहेरी सांगितलं तर म्हणाले, हात तर उचलत नाही ना, मग कशाला रडतेस?"

जावेने गार चहाचा कप बाजूला सारला.

"निघाले तेव्हा चाकू घेऊनच निघाले. वाटलं, हा त्याच्याकडे नसला म्हणजे..." तिने वाक्य सोडून दिलं. "घरात ठेवला तर झोप येईना. म्हणून तुमच्याकडे आणला."

मावशीला आपलं मधल्या वेळचं खाणं आठवलं. याच चाकूने आपण सफरचंद कापून खात होतो.

"सकाळी पोलिसांत जायचं," मावशीचा नवरा म्हणाला. या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

चौकीत पहिल्यांदा जो हवालदार भेटला त्याने विचारलं, धमकी दिली का? मारलं का? नाही? मग लिहू काय? चाकू टेबलावर ठेवणं हा काही गुन्हा नव्हे. पण आतल्या खोलीत एक महिला अधिकारी होती. तिने रफूवालीला समोर बसवलं, दार लावून घेतलं, सगळं सावकाश लिहून घेतलं आणि खाली मावशीचीही सही घेतली. चाकू पाकिटात घालून ठेवून घेतला. "तो दुकानात आला की मला फोन करा," ती म्हणाली. "आणि एकट्या थांबू नका."

नवऱ्याने दुसऱ्या दिवशीची रजा टाकली होती. बदली माणसाला चाव्या देऊन येतो, तोवर दुकान उघडू नकोस, असं तो बजावून गेला. पण मावशी पोचली तेव्हा तो माणूस शटरसमोर उभाच होता. पळून जावं तर तो घरापर्यंत मागे येईल. तिने कुलूप काढलं. तो तिच्या पाठोपाठ आत आला आणि त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"ऊन येतंय," तो म्हणाला.

ऊन रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होतं.

मावशीने भिंतीकडची फ्रेम उचलून काउंटरवर ठेवली. फोनचं बटण तिने पिशवीतच चाचपलं. लागला की नाही, कळलं नाही.

"बाजारात जाऊन आलो," तो म्हणाला. "चादरवाले सगळे पाहिले. चाकू विकणारा एकही नाही."

"उठून गेला असेल."

"मावशी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. चांगलंच आहे ते. ती कुठे आहे?"

बाहेरून एक सायकल गेली, तिची साखळी करकरत होती. तो आवाज दूर जाईपर्यंत तो थांबला.

"खिशात काय आहे?"

तेव्हा कुठे मावशीला कळलं की तिचा हात एप्रनच्या खिशात आहे आणि तिने मूठ आवळली आहे. सवयीने सकाळी टाकलेला, हाडाच्या मुठीचा छोटा चाकू. तिची नखं पात्याच्या खाचेत होती. आयुष्यभर तिने चाकू हाताळले होते, पण माणसाच्या अंगाचा विचार करून एकही धरला नव्हता. आत्ता धरला होता. कुठे लागेल, किती खोल जाईल, हे तिच्या डोक्यात येऊनही गेलं होतं. समोरच्या माणसाची भीती एका बाजूला राहिली आणि स्वतःच्या हाताचीच तिला भीती वाटली. तिने बोटं एकेक करून सोडवली आणि हात रिकामा बाहेर काढला. दोन्ही तळवे काउंटरवर ठेवले.

"तुमचा चाकू पोलिसांकडे आहे," ती म्हणाली. "तुमच्या बायकोने सगळं लिहून दिलंय. जेवणाचं टेबल, ते टोक, ते बोट. सगळं. मी सही केलीय खाली."

त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो किती वेळ तसाच उभा होता, हे मावशीला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता आणि फ्रेमच्या काचेत छताचा पंखा फिरताना दिसत होता.

तेवढ्यात शटर खडखडलं. झेरॉक्सवाला वाकून आत डोकावला.

"मावशी, अर्धंच का उघडलंय? अडकलं का परत?"

"हो," मावशी म्हणाली. "वर कर जरा. आणि आत येऊन बस."

झेरॉक्सवाला तसा बडबड्या. पण तिच्या तोंडाकडे बघून तो न बोलता आत आला आणि स्टुलावर बसला. तो माणूस दोघांकडे हसून बघत फ्रेम काखेत घेऊन बाहेर पडला. घाई केली नाही. नवरा धापा टाकत पोचला आणि त्याने लगेच त्या अधिकारी बाईला फोन लावला.

त्या अधिकारी बाईने त्याला गाठलं ते बसस्थानकावर. चौकीत बसवून घेतलं, जबाब लिहून घेतला, या भागात परत दिसलास तर काय होईल ते समजावलं. त्याने मऊ आवाजात सगळ्याला होकार दिला, सही केली आणि गावच्या गाडीत बसला. गाडीतून पुढे कुठे उतरला, हे कुणालाच माहीत नाही.

मावशीने कितीतरी आठवडे खण उघडला नाही. नवरा आपला सुट्टीच्या दिवशी चाकूंना तेल लावायचा, भरमसाट, इतकं की फडकी ठिबकायला लागली. शेवटी तिलाच राहवलं नाही आणि तिने ते काम परत हातात घेतलं. आता ती पुन्हा रोज एक चाकू खिशात टाकते. पण गिऱ्हाइकासमोर काढायच्या आधी मान वर करून त्याचं तोंड बघते, आणि एखादी बाई नुसती चुळबुळली तरी पुठ्ठा आतल्या टेबलावर नेऊन कापते.

रफूवाली जावेच्या माडीवरच्या खोलीत राहते. इथून हलायचं नाही, असं तिनेच ठरवलं. तीन गावं बदलून झाली होती. संध्याकाळी दुकानं बंद करून ती आणि मावशी दोघी बरोबर घरी जातात. वाटेत जावेच्या पडद्यांवर बोलतात, जे अखेर खरोखरच आखूड झाले, आणि मावशीच्या नवऱ्याच्या तेलावर हसतात. मागून पावलं वाजली की दोघींचं बोलणं एकाच वेळी थांबतं. त्या बाजूला सरकतात, भिंतीला लागून उभ्या राहतात आणि जो कोण असेल त्याला पुढे जाऊ देतात. तो वळणावर दिसेनासा झाला की मग चालायला लागतात.