वहिनींची साक्ष

"उठताय की नाही? वाफसा चाललाय."

नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "एका बैलावर पेरणीची पाभर चालत नाही. आणि आज रविवार आहे," एवढं बोलून त्यानं पांघरूण ओढलं.

दोन्ही खरं होतं, म्हणून तर वहिनींचा जीव जळाला. सारं गाव त्यांना वहिनीच म्हणे. गेल्या हंगामात पीक करपलं, मग लेक तापानं गेली, आणि परवा ऐन पेरणीच्या तोंडावर उजवा बैल पोट फुगून मेला. जमिनीत पेरणीजोगी ओल होती ती जेमतेम आजच्यापुरती. उद्याच्या उन्हात ढेकळांचे दगड होणार आणि वर्षभर चूल कशी पेटणार हे देवालाच ठाऊक. शेजाऱ्यांच्या दारात बैलजोड्या होत्या, पण प्रभूच्या दिवशी या ख्रिस्ती वस्तीत कुणी औत धरत नसे. मागायचं तरी कुठल्या तोंडानं?

चडफडत वहिनी एकट्याच देवळात गेल्या. त्यात आज साक्षीची पाळी त्यांच्या घराची. दर रविवारी एका घरानं उभं राहून प्रभूनं काय भलं केलं ते सांगायचं, आणि बहिऱ्या आत्यांनी 'आमेन' म्हणायचं, अशी इथली रीत. आत्यांना काडीचं ऐकू येत नसे. बोलणाऱ्याचे ओठ थांबले की त्या आमेन म्हणत, आणि त्यांच्यामागून सगळी मंडळी.

वहिनी उभ्या राहिल्या.

"भलं काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पोर गेली तेव्हा इथंच उभी राहून मी आभार मानले. मनात नव्हते. आज मला खोटं बोलवत नाही. मला देवाचा राग आलाय. मी आत्ता पेरायला चाललेय, आणि तुमच्यापैकी कुणीतरी मला बैल द्या."

"आमेन," आत्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

"आमेन," सवयीनं सगळं देऊळ म्हणालं. पाळकसाहेबसुद्धा.

मग जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आमेन तर म्हणून बसलो," ते म्हणाले, "आता देवासमोर शब्द फिरवायचा कसा?"

लोहार उठला. "माझा पांढरा न्या, वहिनी. हट्टी आहे जरा, पण तुमच्यापुढं टिकायचा नाही."

पांढरा बैल दारात बघून नवरा पांघरूण सारून उठला. त्यानं पाभर धरली, वहिनी पाभरीच्या चाड्यात मुठीनं बी सोडत मागून चालू लागल्या. उन्हानं माती भराभर आवळत होती. निम्मं रान झालं आणि पाभर उसळायला लागली. उरलेलं आता पेरून उपयोग नव्हता. म्हणजे वर्ष अर्धपोटी जाणार. बैल परत येणार नव्हता, आणि पोर तर नाहीच. वहिनींचे डोळे वाहत होते. पण देवाला सगळं तोंडावर सांगून टाकल्यापासून तो आपल्या जवळच कुठंतरी चालतोय असं त्यांना वाटत होतं, आणि असं पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

"गातेस काय गं?" नवऱ्यानं मागं न बघता विचारलं.

वहिनी दचकल्या. त्या खरंच गात होत्या.

"थांबू का?"

"नको," तो म्हणाला. "हे एवढं शेवटचं तास पेरून होईपर्यंत तरी म्हण."